नाव नको

ज्या दानाला देणाऱ्याचं नाव चिकटत नाही, तेच खरं दान. हे वाक्य माझं नाही. आमच्या जुन्या चाळीच्या जागी जो टॉवर उभा राहिला आहे, त्याच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या उजव्या हाताला, ते संगमरवरात कोरलेलं आहे आणि त्याखाली एकवीस देणगीदार महिलांची नावं आहेत. शेवटचं नाव माझं. मी काहीही दिलेलं नाही, मला 'प्रेरणास्थान' म्हणून घेतलं आहे, आणि माझं नाव शोभा असताना तिथे शोभना असं कोरलं आहे. मी नोकरीची सगळी वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. कागदावरची चूक दुरुस्त करता येते, दगडावरची तशीच ठेवून चहा घ्यायचा असतो, एवढं मला कळतं.

त्या पाटीच्या आधी काही दिवस टॉवरमधली रिया नावाची मुलगी माझ्या दादरच्या घरी आली होती. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण आता मला चाळिशीच्या बायका मुलीच वाटतात. टॉवरमधल्या बायकांचं एक गिव्हिंग सर्कल आहे. सगळ्या जणी मिळून पैसे काढतात, मिळून ठरवतात, एका ठिकाणी देतात. मागच्या वर्षी त्यांनी जवळच्या शाळेत मुलींसाठी चांगली स्वच्छतागृहं बांधून दिली आणि ती अजून चालू आहेत. त्यांचं काम चांगलं आहे, हे लिहायला मला थोडं जड जातं, पण आहे. तर सोसायटीच्या कुणीतरी रियाला सांगितलं होतं, की ह्याच जागेवर, जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, फार पूर्वी बायकांनी असंच काहीतरी चालवलं होतं. तिने मला विचारलं, की तेव्हा तुमच्या आईंचं व्हिजन काय होतं. मी म्हटलं, डबा रिकामा होता. तिला ते इतकं आवडलं की तिने लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. मला वाटतं, तिला ते रूपक वाटलं.

रूपक वगैरे काही नव्हतं. स्टीलचा, कडीचा, उंच डबा होता, ज्याला आमच्याकडे कोठी म्हणत.

आमची चाळ करी रोडच्या अंगाला होती आणि तिसऱ्या मजल्यावरची बहुतेक बिऱ्हाडं मालवण, कणकवलीकडची. पुरुष सगळे एकाच गिरणीत. गिरणी बंद पडली ह्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात मी भर घालत नाही. आम्हा मुलींना सगळ्यात आधी जाणवलं ते एवढंच, की दुपारी घरात पुरुष असतात. त्याआधी दुपार ही बायकांची असायची. दारं उघडी टाकून, पदर बाजूला करून, जमिनीवर आडवं पडून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गप्पा चालायच्या. आता प्रत्येक खोलीत एक पुरुष भिंतीला टेकून बसलेला असे आणि त्याला दुपारी काय करायचं असतं हे माहीत नसे. आमचे बाबा स्टोव्ह उघडायचे. पिन, वॉशर, बर्नर, सगळं वर्तमानपत्रावर मांडायचे, रॉकेलने पुसायचे आणि पुन्हा जोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या स्टोव्हइतका स्वच्छ स्टोव्ह मी नंतर कुठे पाहिला नाही. त्यावर शिजत असे ती कुळथाची पिठी, आणि जिभेला पाणी सुटावं म्हणून भाजलेली सुकट. आई पिठीत एक दिवस लसूण जास्त घालायची, एक दिवस कोकम, आणि विचारलं तर वेगळा पदार्थ असल्यासारखं तोंड करायची.

गिरणी बंद होऊन दोनेक वर्षं झाली तेव्हा मी अकरावीत होते आणि मला बसवत नसे. पुस्तक हातात घेऊन मी गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची. पाठांतर हे निमित्त. खरं म्हणजे सगळा मजलाच तसा झाला होता. कोण नळावर विनाकारण दोनदा जायचं, कोण जिन्यात उभं राहून खाली बघायचं, कुणाचा पाय सारखा हलायचा. गावाला गेलेली माणसं परत येतच नव्हती. एखाद्या खोलीला कुलूप दिसलं, की ते सुट्टीचं आहे की कायमचं, ह्यावर पैजा लागायच्या. आई मला म्हणायची, "बस गो एका जाग्यार. पायांक काय चाकां लागलीत?" आणि हे ती स्वतः उभ्याउभ्या म्हणायची.

बायकांची भांड्यांची भिशी होती. आता पैशांची भिशी सगळ्यांना ठाऊक असते, भांड्यांची विस्मरणात गेली. दर महिन्याला सगळ्या जणी थोडी थोडी वर्गणी काढत, त्यातून लालबागच्या एका दुकानातून एक स्टीलचं भांडं आणलं जाई आणि चिठ्ठी काढून जिचं नाव येईल तिला ते मिळे. गिरणी बंद झाल्यावर भिशीही बंद व्हायला हवी होती. पण बायकांना दुपारी घरातून बाहेर पडायला ते एकच कारण उरलं होतं, म्हणून वर्गणी कमी केली, भांडं लहान आणलं आणि बैठक जिन्याच्या मधल्या चौकात हलवली. त्यातल्या एका महिन्यात, आधीच्या कुठल्यातरी शिलकीतून आणलेली ती कोठी, आईच्या नावावर निघाली.

आई स्वभावाने उदार नव्हती. कढीपत्ता उसना दिला तरी परत येतो की नाही हे तिच्या लक्षात असायचं. ती कोठी तिने मांडीवर घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, आणि म्हणाली, "ह्येच्यात मी भरू काय?" सगळ्यांकडे तेच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. मग ती जरा चिडूनच म्हणाली, की जिच्याकडे भरायला काहीतरी आहे तिला द्या ही, माझ्या घरात नुसती जागा अडवील. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई कुरडया-पापड करून विकायला लागली होती. कोठी तिच्याकडे गेली. पुढच्या महिन्यात चिठ्ठी निघालेल्या बाईला एकटीनेच भांडं घरी न्यायची लाज वाटली, म्हणून तिनेही दिलं. तिसऱ्या महिन्यापासून चिठ्ठ्या टाकणंच बंद झालं आणि भांडं कुणाला द्यायचं ह्यावर भांडण सुरू झालं. समाजकार्याची सुरुवात अशी झाली. रियाने हा भाग टिपून घेतला नाही.

ह्या सगळ्यात आगाशेबाई कशा आल्या, ते सांगायला हवं. चाळीच्या समोर, रस्त्यापलीकडे, गिरणीच्या कारकुनांची स्टाफ बिल्डिंग होती. तिथे घरात नळ होता आणि खिडक्यांना पडदे. आगाशेबाईंचे यजमान गिरणीच्या हिशेब खात्यात होते. बाई माहेरच्या ठाकूरद्वारच्या, बोलणं स्वच्छ, साडीला खळ, आणि प्रत्येक गोष्टीखाली सही करायची सवय. दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त' अशी चिठ्ठी लिहिली तरी खाली 'सौ. विमल आगाशे' असायचं, आणि सौ. आधी. त्यांना आमच्या भिशीबद्दल कळलं तेव्हा त्या रस्ता ओलांडून आल्या आणि आम्हाला कळायच्या आत अध्यक्ष झाल्या. त्यांनी वाईट काही केलं नाही. फक्त जिन्यातल्या भांडणाला त्या सभा म्हणू लागल्या, विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन असं बोलू लागल्या आणि मंडळासाठी 'दीपज्योती भगिनी समर्पण मंडळ' असं नाव सुचवलं. आई म्हणाली, एवढा नाव वाटीवर मावूचा नाय.

कारण नाव भांड्यावर घालायचं असतं हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. आता ही पद्धत समजावून सांगावी लागते. तेव्हा नाव नसलेलं भांडं म्हणजे कुणाचंच नसलेलं भांडं. दुकानात भांडं घेतलं की नाव घालून मिळायचं, फुकट, आणि फुकट असल्यामुळे लोक लांबलचक नाव घालायचे. गिऱ्हाइकाने मजकूर चिठ्ठीवर लिहून भांड्यात टाकायचा, आत बसलेला कारागीर तो हातातल्या मशीनने टर्रर्र करत पत्र्यावर उतरवायचा. लग्नातल्या आहेराचे पेले, बारशाच्या वाट्या, सगळं वाचता यायचं. आमच्या घरात पाणी प्यायचं म्हणजे बाबांच्या आत्याकडून, जेवायचं म्हणजे आईच्या मामांकडून सप्रेम. मी वाचायला शिकले ती पाटीवर नव्हे, ताटावर, असं मी कधीकधी सांगते, आणि लोकांना ते हृद्य वाटतं.

आमच्या शेजारच्या खोलीत कुसुमकाकी राहायची. तिची मुलगी नंदा माझ्या वर्गात होती. गॅलरीत मी फिरायची तेव्हा नंदा कठड्यावर बसून माझं पाठ झालेलं तपासायची आणि मी अडखळले की डोळे न उचलता पुढचा शब्द सांगायची. काका गिरणी बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षी गेले. बाराव्याला उत्सव मंडळाची मोठी पातेली आणली होती, त्यांच्यावर देणगीदारांची नावं. पंगतीत त्यांतल्या एका देणगीदाराची बायको बसली होती. भात वाढायला पातेलं पुढे आलं तसं तिने मान वाकडी करून त्यावरचं वाचलं आणि शेजारणीला म्हणाली, आमचंच ना हे. वाईट हेतूने नसेल. पण कुसुमकाकीने ते ऐकलं. त्यानंतर तिने कुणाकडून काही घेतलं नाही, उसना कढीपत्तासुद्धा.

ती लोकांच्या घरची धुणीभांडी करायला रे रोडपर्यंत चालत जायची. पण तिच्या हाताला चव होती आणि जवळच्या इस्पितळात बाहेरगावच्या रुग्णांबरोबर आलेली माणसं फुटपाथवर पावाला चहा लावून दिवस काढायची. खानावळ घालायची हे तिच्या डोक्यात होतं, पण चाळीस माणसांचं शिजवायला तिच्याकडे चार माणसांची भांडी. त्यात कणकवलीहून तिच्या भावाचा निरोप आला, की मे महिन्यात येतो, खोलीचं काय ते उरकू, तू आणि नंदा गावी चला. भाऊ चांगला होता. तिकडे काजूची बाग होती आणि बारावीपर्यंत कॉलेज नव्हतं. नंदाने मला हे सांगितलं तेव्हा ती कठड्यावरच बसली होती आणि तिने माझ्या पुस्तकातलं पान उगाच उलटलं. मला त्या दिवसापासून झोपायच्या वेळीसुद्धा पाय हलवायची सवय लागली, ती अजून आहे.

भिशीने कुसुमकाकीला भांडी द्यायचं ठरवलं. त्यासाठी कितीतरी महिने कुणालाच काही दिलं नाही, आणि तरी पुरेना, म्हणून प्रत्येकीने आपलं लग्नातलं पितळ-तांबं मोडीत घातलं. आईने हंडा दिला. त्यावर माझ्या आजोबांचं नाव होतं. मोडीच्या वजनात नावाचं वेगळं काही धरत नाहीत. टोप, परात, कढई, झारे, ताटं, वाट्या असा ऐवज ठरला, आणि आई कुसुमकाकीला विचारायला गेली. काकी तांदूळ निवडत होती. तिने एवढंच सांगितलं, "घेतंय. पण भांड्यार कोणाचा नाव नको. उद्या लोक माझ्या हातचो भात खातले आनि ताट वाचतले."

सभेत ह्यावर वाद झाला. आगाशेबाईंचं म्हणणं, नाव दात्याच्या मोठेपणासाठी नसतं, ते वाचून इतरांना प्रेरणा मिळते. एक बाई म्हणाली, जेवताना प्रेरणा मिळाली तर भात कोण खाणार. शेवटी सगळ्यांनी हात वर केले आणि आगाशेबाई हरल्या. हरल्यावर त्यांनी ते नीट मानलं, हेही सांगायला हवं. दुकानात ऑर्डर द्यायला त्याच गेल्या, कारण दुकानदार त्यांच्याशी अदबीने बोलायचा, आणि त्याने सवयीने विचारू नये म्हणून त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात तशी चिठ्ठी लिहून दिली.

गोणी आली ती मेच्या दुपारी. गॅलरीत सगळा मजला जमला. कुणाच्यातरी घरी गावचा फणस फोडला होता, त्याचा वास सगळीकडे होता आणि हातांना चीक. नंदाने सुतळी सोडली, वरचं ताट काढलं, आणि ते उन्हाला तिरकं धरलं. मग तिने दुसरं काढलं. मग तिसरं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. प्रत्येक ताटाच्या काठावर, ठळक, सुबक, एकाही चुकीशिवाय, कोरलं होतं:

नाव नको. – सौ. विमल आगाशे

वाट्यांवर जागा कमी, म्हणून दोन ओळींत. टोपावर जागा भरपूर, म्हणून भोवती वेलबुट्टी. चिठ्ठीवर जे असेल ते पत्र्यावर उतरवायचं, हा त्या दुकानाचा धर्म होता. पूर्णविरामासकट पाळलेला. पुढे छापखान्यात मला इतकी निष्ठेने केलेली जुळणी क्वचितच मिळाली.

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही, पण हसू मध्येच तुटलं, कारण कुसुमकाकी दारात येऊन उभी राहिली होती. तिने एक ताट हातात घेतलं, वाचलं, आणि पालथं करून गोणीवर ठेवलं. "घेवन जावा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तांदूळ निवडायला लागली. दुकानदार नाव घातलेली भांडी परत घेत नसतो. पितळ मोडीत गेलेलं होतं. गोणी आमच्या आणि त्यांच्या खोलीच्या मधल्या भिंतीला टेकून राहिली, आणि नळावर जाणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जाऊ लागला.

पुढचे दिवस नुसते अंगावर आले. मजल्याचं एकमत झालं, की बाईंनी मुद्दाम केलं. हरल्या ना सभेत, मग असं केलं. माझ्या बाबांनी तेवढ्यात एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. पॉलिशपेपर आणून ते एका ताटावरचं नाव घासायला बसले. दोन दुपारी ते घासत होते, घामाघूम, मधून मधून ताट लांब धरून बघत. गिरणी बंद झाल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. परिणाम असा झाला, की आजूबाजूचा पत्रा चमकू लागला आणि नाव लांबूनही वाचता येऊ लागलं. आई त्या दिवसांत भाकऱ्या इतक्या जोराने थापायची, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. आणि नंदा माझ्याशी बोलायची ती फक्त व्यवहाराचं. तुझी वही माझ्याकडे आहे, ती घेऊन जा. माझं स्वेटर राहू दे तुला, गावी थंडी नसते. माझं गॅलरीत फिरणं बंद झालं, कारण गोणी मध्ये होती.

नंदाचा मामा आला. गोणीला वळसा घालून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रंकेला दोर बांधायला घेतला, आणि दुपारी आगाशेबाई आल्या.

उन्हात छत्री घेऊन त्या रस्ता ओलांडताना सगळ्यांनी वरून पाहिलं. जिना चढून आल्या तेव्हा गॅलरीत एकाएकी सगळ्यांनाच काहीतरी वाळत घालायचं होतं. मी तर कोरडाच टॉवेल घेऊन उभी होते. बाई कुसुमकाकीच्या दाराशी थांबल्या. काकीने त्यांना बसा म्हटलं नाही, पाट मात्र पुढे सरकवला. बाई पाटावर बसल्या, छत्री मांडीवर घेऊन.

काकीने विचारलं, "बाई, माका खरा सांगा. मुद्दाम केलात?"

"नाही," आगाशेबाई म्हणाल्या. मग छत्रीची मूठ फिरवत त्या पुढे म्हणाल्या, "सही करायची सवय आहे. तेवढंच. पण ताटावर नाव पाहिलं ना, तेव्हा पहिल्यांदा मला वाईट वाटलं नाही. तेही खरं आहे."

आम्ही बाहेर एकमेकींकडे पाहिलं. आजही, व्यासपीठावरून कुणी फार कळकळीने बोलायला लागलं की मला हे वाक्य आठवतं आणि मग समोरच्याचं ऐकणं कठीण होतं.

काकीने मामाच्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग उठली, बाहेर आली, गोणीतून एक ताट काढून आत घेऊन गेली आणि बाईंच्या समोर जमिनीवर ठेवलं, उताणं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. गिरणीतल्या खानावळीचा हिशेब ती सांगत होती, की तिथे महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या मेंबराचं स्वतःचं ताट असायचं, नाव घातलेलं, दुसऱ्याला द्यायचं नाही. "ताटार नाव असता ता जेवणाऱ्याचा," ती म्हणाली. "देणाऱ्याचा नाय. आता तुमचा नाव आसा, तर तुमी जेवक येवा."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी बाहेर जेवत नाही, कुसुमबाई. आणि मासे तर..."

"मासे कोण घालता तुमका? काळ्या वाटाण्याचा सांबारा करतंय. भात, सांबारा, सोलकढी. महिन्याचे पैसे आगाऊ."

"रोज?"

"रोज. आयतवारी खानावळ बंद."

बाईंनी त्या ताटाकडे पाहिलं. ठाकूरद्वारच्या माहेरात, स्टाफ बिल्डिंगच्या पडद्याआड, त्यांनी आयुष्यात कधी परक्याच्या हातचं गॅलरीत बसून खाल्लं नव्हतं, आणि समोरच्या बिल्डिंगमधून ती गॅलरी स्पष्ट दिसायची. मामाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने दोराची गाठ अर्धवट धरून बहिणीला विचारलं, "ही कोण गो?"

काकी बाईंकडे बघत राहिली. बाईंनी छत्री खाली ठेवली, भिंतीला टेकवली, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

"माझा पयला गिऱ्हाईक," काकी मामाला म्हणाली. "सोड तो दोर."

तो दोर नंदाने सोडायला घेतला. तिला गाठ सुटेना, तेव्हा मी कोरडा टॉवेल टाकून आत गेले आणि दातांनी सोडला. त्याला ट्रंकेच्या गंजाची आणि सुताची चव होती, आणि तोवर काकी बाहेर बाबांना हाक मारून मोठा स्टोव्ह मागत होती.

खानावळ चालली. इस्पितळातून माणसं यायची, दोन घास खाऊन बराच वेळ नुसती बसून राहायची, आणि काकी त्यांना उठवायची नाही. कुणीतरी हमखास ताट वाचायचंच आणि विचारायचं, ह्या आगाशेबाई कोण. काकी वाढता वाढता सांगायची, "आमची जुनी मेंबर. तिचीच ताटां सगळी. लय खाता." आणि आगाशेबाई तिथेच, गॅलरीच्या टोकाला पाटावर बसलेल्या असायच्या, ताठ, पदर सावरून, सांबाऱ्यात भात कालवत. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांतले पडदे पहिल्या महिन्यात बरेच हलले. भिशी पुढे कितीतरी वर्षं टिकली. तिने बऱ्याच घरांत चुली पेटवल्या, आणि लालबागभर तिला 'नाव नको भिशी' म्हणत. दीपज्योती हे नाव फक्त आगाशेबाई घ्यायच्या, आणि त्यासुद्धा पुढे कंटाळल्या. नंदा बारावी झाली, नर्स झाली, त्याच इस्पितळात लागली. मी तिच्या आधी चाळ सोडली आणि तिच्यापेक्षा कमी मागे वळून पाहिलं. मला बसवत नव्हतं, इतकंच.

पाटीच्या कार्यक्रमाला रियाने मला ह्याच गोष्टीबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. मी आगाशेबाईंबद्दल बोलले. अहंकारातून बाहेर पडायला माणसाला रोज एका ताटाइतकं अंतर चालावं लागतं, असं काहीतरी मी म्हणाले, आणि म्हणताना मलाच ते कुठेतरी कोरलेलं वाचल्यासारखं वाटलं. टाळ्या बऱ्या पडल्या. खाली उतरल्यावर एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. आगाशेबाईंचे चिरंजीव, आता ठाण्याला असतात. डोळे पुसत होते. म्हणाले, तुम्ही आईबद्दल छान बोललात, पण एक गोष्ट तुम्हा लोकांना कधी कळली नाही. मी विचारलं, कोणती.

त्यांच्या आईला काळे वाटाणे पचत नसत. रोज चाळीतून जेवून आली की ती मूठभर ओवा खाऊन डाव्या कुशीवर पडायची.